स्वतःच्या मोटारीने शहापूर-मुरबाड

ठाणे, मंगळवार, ता. ३ मे १९३८

रजा मंजूर. दोन महिने. मी मागितली नव्हती. साहेबच म्हणाले, सबनीस, सव्वीस वर्षं नकाशे काढलेत, आता जरा विश्रांती घ्या. माणसाची अशी कदर करणारा साहेब विरळा. मुरबाड तालुक्याच्या नव्या शीटवर माझी नदी डोंगरावरून गेली, असं कचेरीत कोणीतरी पसरवतं आहे. शाई फुटली असेल. उन्हाळ्यात हाताला घाम येतो.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलो. काचबिंदू म्हणतो. बाजूची नजर गेली आहे, मधली राहिली आहे, तीही हळूहळू जाईल. औषधाने फार तर लांबेल. मोटार आजपासून बंद करा, म्हणाला. वय असेल अठ्ठावीस. मी त्याच्या पाटीवरची सगळ्यांत बारीक ओळसुद्धा धडाधड वाचून दाखवली आणि विचारलं, ज्याला हे अक्षर दिसतं त्याला म्हैस दिसणार नाही का? तर म्हणे, म्हैस बाजूने येते. हे काय उत्तर झालं!

थेंब दिले आहेत. सौ.ला सांगितलं, धुळीसाठी आहेत. रोज सकाळी घालते, काही विचारत नाही. साधी आहे बिचारी.

संकल्प: शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मी या हाताने चार वेळा काढले, पाहिले एकदाही नाहीत. आता पाहायचे. तानसाचा तलाव, माहुलीचा किल्ला, तिथून किन्हवलीवरून मुरबाड, मग नाणेघाट. आठ दिवस. स्वतःची मोटार, स्वतः चालवणार. सौ.ने विचारलं, एवढी घाई आत्ताच का? म्हटलं, पुढे पावसाळा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, चला, जाऊ या.

शहापूर, शुक्रवार, ता. ६. दुपारी १

सकाळी सहाला निघालो. होल्डॉल, थर्मास, दशम्या, माझ्या हातचा नकाशा. मोटारीने तिसऱ्या हँडलला जीव धरला. सुरुवात उत्तम.

एकच तक्रार. ही बोलते. एरवी चार दिवसांत बोलत नाही तेवढी आज चार तासांत बोलली. आणि काय बोलावं? बैलगाडी आली. म्हातारा आहे कडेला. थोडं उजवीकडे घ्या. अहो, बकऱ्या. अहो, बकऱ्या! मी म्हटलं, मला दिसतात. मोटार थांबली तेव्हा बकऱ्या दोन्ही दिव्यांच्या मधे उभ्या होत्या. या बाजूची जनावरं फार धीट.

माणसंही तशीच. ठाण्याला माणूस लांबून चालत येतो, मोठा होत जातो. इकडे एकदम उगवतो. आत्ता नव्हता, आत्ता आहे.

पडघ्यापुढे डाव्या मडगार्डाला मैलाचा दगड लागला. दगड रस्त्याच्या फार आत बसवला आहे. मी उतरून पाहिलं. हिनेही पाहिलं आणि म्हणाली, हो, जरा आत आहे. दगडावरचा चुना मात्र रस्त्यापासून दीड हात लांब गवतात सांडलेला सापडला. असो.

वाशिंद सोडल्यावर माहुलीचे सुळके समोर दिसले. नकाशात काढतो तसेच. मन भरून आलं. हिला म्हटलं, बघ, ज्याची नजर गेली त्याला हे दिसलं असतं का? लगेच जीभ चावली. ती म्हणाली, कोणाची नजर गेली? मी म्हटलं, एक म्हण आहे.

धर्मशाळेत खोली मिळाली. दाराची चौकट अरुंद आहे. खांदा दुखावला.

शनिवार, ता. ७. संध्याकाळी

तानसा पाहिला. भव्य. धरणाच्या भिंतीवरून चालत गेलो. लखमा म्हणून तिथला चौकीदार आहे; खाकी कोट, पायांत काही नाही. मी नकाशाखात्यातला म्हटल्यावर त्याने माझं कोपर धरलं ते भिंतीच्या पार टोकापर्यंत सोडलं नाही. सरकारी माणसाबद्दल असा आदर आता शहरात उरला नाही.

पाणी मात्र धुरकट. मधोमध लखलखीत, कडेने धूर. मे महिन्यात हवा अशीच असते. ही म्हणाली, किती बगळे आहेत त्या किनाऱ्याला, पांढरं फटक झालंय. मी सांगितलं, एकही नाही. ती म्हणाली, जरा मान वळवा. मी म्हटलं, मान वळवून बगळे उत्पन्न होत नाहीत. शेवटी लखमाला विचारलं. तो आधी हिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि खाली बघून म्हणाला, "हायत ना साहेब. लय हायत. पन तुमी म्हनता तर नसतील."

या उत्तराचा मला राग आला. का ते कळलं नाही.

परतताना दोन पायऱ्या चुकल्या. पायऱ्यांची उंची सारखी नाही. वर कळवायला हवं.

रविवार, ता. ८. दुपारी ३

माहुली. विठू नावाचा लाकूडतोड्या वाटाड्या म्हणून घेतला. चाळिशीचा, अबोल. पहाटे चढायला लागलो. निश्चय असा की माथ्यावर उभं राहून दोन्ही तालुके एका नजरेत घ्यायचे आणि माझ्या नकाशाशी ताडून पाहायचे.

एक तृतीयांश चढून परत आलो. कारण सौ. दमली.

म्हणजे ती तसं म्हणाली नाही. एका फांदीने माझ्या कपाळाला खोक पडली. फांदी बाजूने आली. ही पदर फाडून बांधायला लागली आणि तिचे हात थरथरत होते, त्यावरून मी ओळखलं की दमली आहे. विठूला सांगितलं, बाईमाणूस आहे, परत फिरू. विठू म्हणाला, "बाई तर हरणीवानी चढत हायत." अडाणी माणूस.

माहुली पायथ्यावरूनच उत्तम दिसते.

सोमवार, ता. ९. संध्याकाळी ६

विश्रांती. आणि भांडण.

ही सकाळी बाजारात जाते म्हणून गेली ती लडकू नावाच्या एका इसमाशी बोलून आली. इथे लाकडाची लॉरी चालवतो. आठ दिवस रिकामा आहे. तो मोटार चालवील, तुम्ही आरामात मागे बसा, सगळं नीट बघता येईल, असं म्हणाली. नीट बघता येईल! म्हणजे आजवर मी काय केलं?

मी फार बोललो. सगळं लिहीत नाही. अठरा वर्षांच्या संसारात मी कुठे चुकलो ते सांग, म्हटलं. तिने काही सांगितलं नाही. मला वाटतं, सांगण्यासारखं काही नसेल.

अखेर नियम केला. उद्यापासून मोटारीत बोलायचं नाही. गाडी नाही, बकरी नाही, डावं नाही, उजवं नाही. चालवणाऱ्याचं चित्त विचलित होतं. जे काही झालं ते त्यामुळेच झालं. ती म्हणाली, बरं.

नियम करताच डोकं हलकं झालं. हे आधीच करायला हवं होतं.

मंगळवार, ता. १०. दुपारी ४. किन्हवली-मुरबाड रस्त्यावरची एक वाडी

प्रथम कारणं लिहून ठेवतो.

एक, उन्हाची तिरीप. दोन, ब्रेक. तीन, रस्त्याने अचानक घेतलेलं वळण.

तिरीप खोडली. ऊन डोक्यावर होतं आणि मोटारीला टप आहे. ब्रेकही खोडला, कारण तो मी लावलाच नाही.

किन्हवलीपर्यंत फार छान गेलो. ही गप्प. हात मांडीवर, नजर समोर. मनात म्हटलं, बघ, जमतं की नाही. पुढे एक कोरडा ओढा आहे. तिथे रस्ता डावीकडे वळून काठाकाठाने उतरतो. ते वळण मी चार वेळा काढलं आहे, त्याला हात बसला आहे माझा. मला समोर पांढरी धूळ दिसली. तो रस्ता नव्हता. ओढ्याची वाळू होती.

काठावर एक बाई होती. करवंदांची पाटी डोक्यावर. मी पाहिली नाही. तिने पाटी टाकली आणि उडी मारली, म्हणून आहे. पाटी चाकाखाली गेली. मोटार पुरुषभर खाली नाक खुपसून उभी राहिली. मला गुडघ्याला खरचटलं. सौ. पुढच्या फळीवर आपटली. उजवं मनगट मोडलं.

मी तिला बाहेर काढलं. हात लोंबत होता. मी ओरडलो, वळण दिसत होतं तर बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "तुम्हीच नको म्हणाला होतात."

मग थोड्या वेळाने, दात ओठांवर दाबून म्हणाली, "राग म्हणून गप्प नव्हते हो. मला वाटलं, एवढं तरी दिसेल."

ज्या बाईच्या अंगावर मोटार घातली, तिचं नाव सावळी. डोंगराकडच्या वाडीतली. तीच धावत जाऊन माणसं घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहून एकदाच म्हणाली, "मी समोर हुती रं बाबा. तुज्या डोळ्यांत बघत हुती. तू माज्यावरूनच बघत गेलास." मग सौ.ला खांद्याशी धरून वाडीवर घेऊन गेली.

मी मागून चाललो. कोणीतरी माझं कोपर धरलं होतं. या वेळी आदर आहे असं वाटलं नाही.

बुधवार, ता. ११. सकाळी १०

बाईजा म्हणून वाडीत हाड बसवणारी म्हातारी आहे. तिने काल हिचं मनगट ओढून बसवलं आणि बांबूच्या कांबींनी बांधलं. ही ओरडली नाही. मी बाहेर होतो. बाहेर थांबायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी थेंबांची पंचाईत. हिचा हात बांधलेला. मी स्वतः घालायला गेलो ते गालावर. सावळीने बाटली काढून घेतली, माझं डोकं मागे केलं, बोटाने पापणी उचलली आणि घातले. तिचा हात तिच्या बोलण्याएवढाच ठाम. काल ज्या माणसाने चिरडायचं बाकी ठेवलं, त्याचे डोळे आज धरते आहे. मी म्हटलं, धुळीमुळे त्रास होतो. तिने हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, धुळीचे नाहीत ते.

मग सगळं बाहेर आलं. हिला चैत्रापासून माहीत आहे. मी दुसऱ्यांदा डॉक्टरकडे जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बाटली घेऊन एकटी त्याच्याकडे गेली होती. कचेरीतलंही माहीत आहे. नदी डोंगरावरूनच गेली होती. शाई नव्हती.

मी विचारलं, मग माझ्या मोटारीत बसलीस कशाला?

ती म्हणाली, "तुम्हाला बघायचं होतं ना सगळं. एकदा तरी बघून घ्याल म्हणून. वाटलं, मी बोलत राहीन, आपण निभावून नेऊ."

मला वाटलं होतं, मी तिला फिरायला आणलं.

तोच दिवस. संध्याकाळी ५

सावळीचा सासरा जैतू. सत्तरीचा. दोन्ही डोळे गेलेले, पांढरे. आज दिवसभर त्याच्याबरोबर ओट्यावर बसवला गेलो. बायका आत. तो बसल्या बसल्या दोर वळतो.

त्याने विचारलं, "तुला कंदीपासून रं?"

मी म्हटलं, काय कधीपासून?

तो म्हणाला, तू ओटा चढलास तो पाऊल आधी हवेत धरून. मीही तसाच चढायचो.

मी सांगितलं की माझी केस वेगळी आहे, मला अगदी बारीक अक्षर वाचता येतं. त्याने मान डोलवली. म्हणाला, मलाही लांबच्या झाडावरचं मोहोळ शेवटपर्यंत दिसायचं, पायाखालचं वासरू दिसायचं नाही. पहिलं वर्ष वाईट. पहिल्या वर्षी त्याने बायकोला फार मारलं. वाटेत कळशी ठेवते म्हणून, खाट हलवते म्हणून. कळशी होती तिथेच असायची. "मला सांगं ती, वाटंत नाय ठेवली रं. मी म्हनं, खोटं बोलतेस." ती आता नाही. तिला एकदाही सांगितलं नाही की मला दिसत नव्हतं. "ती गेली तवा तिलाबी ठावं, मलाबी ठावं. पन तोंडातून नाय आलं."

मी म्हटलं, मी माझ्या बायकोवर कधीही हात उगारला नाही.

तो म्हणाला, "बरं हाय."

दोर वळत राहिला. आतून हिचा कण्हण्याचा आवाज आला, आणि सावळी काहीतरी सांगून तिला हसवत होती तोही आला. मला उठून आत जावंसं वाटलं. दार कुठल्या अंगाला आहे ते विचारावं लागलं असतं. बसून राहिलो.

गुरुवार, ता. १२. मुरबाड, दुपारी २

वाडीच्या लोकांनी सहा बैल लावून मोटार ओढ्यातून वर घेतली. पुढचा अ‍ॅक्सल वाकला आहे. शहापूरला लडकूकडे निरोप धाडला आहे. तो येऊन दुरुस्त करील आणि नेईल. नाणेघाट रद्द. अधिकृत कारण: अ‍ॅक्सल.

बैलगाडीने मुरबाडला आलो. सावळीचा नवरा गाडी हाकत होता. निघताना सावळीने हिच्या ओटीत करवंदं घातली. माझ्या हातात पानाचा द्रोण दिला आणि माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली, जशी लहान मुलाची मिटवतात. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. क्षमा वगैरे. मी म्हणालो, तुमची वाडी नकाशात नाही, मी घालून घेईन. ती म्हणाली, "नकाशात काय करायचं? इथंच हाय आमी."

गाडीत निश्चय केला की ओळखू: कुठे चढ, कुठे नदी, कुठे गाव. मला हा रस्ता पाठ आहे. तीनदा सांगितलं, तीनदा चुकलो. चौथ्या वेळी मी म्हणालो आता नदी, तेव्हा गाडीवाला हिच्याकडे बघून म्हणाला, "व्हय, नदीच हाय." चाकं खडखड वाजत होती. पाण्याचा आवाज नव्हता. हिने त्याला मधेच थांबवलं. म्हणाली, नका हो असं करू. नदी मागे गेली, नाहीतर पुढे असेल. त्यांना खरं सांगा.

इतकं कडक बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. आणि ते माझ्या बाजूने होतं.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरने मनगट पाहिलं. बसवलंय छान, म्हणाला, कोणी बसवलं? प्लास्टर घातलं. सहा आठवडे. विचारलं, कसं झालं? ही म्हणाली, वाट चुकली. मी शेजारी उभा होतो. आज सांगून टाकायचं असं सकाळीच ठरवलं होतं. पण दवाखान्यात गर्दी होती. घरी गेल्यावर सांगणार. हा पक्का निश्चय.

ठाणे, शुक्रवार, ता. १३. संध्याकाळी ७

मुरबाडहून सर्व्हिस मोटारीने कल्याण, तिथून घरी. सर्व्हिसमध्ये हिने मला खिडकीशी बसवलं आणि काय काय दिसतं ते हलक्या आवाजात सांगत राहिली. मी मधे मधे विचारत होतो. शेजारच्या उतारूला वाटलं, मी पहिल्यांदाच या बाजूला आलो. एका अर्थी खरं आहे.

बाकी वेळ मनात वाक्य जुळवत होतो. आळीत शिरल्यावर लोक जमणार. हिचा हात गळ्यात, मोटार नाही, माझ्या कपाळाला पट्टी. विचारणारच. ते लोक माझ्याकडे नकाशे काढणारा माणूस म्हणून पाहतात. त्यांना एकदम धक्का नको. सुरुवात हवेपासून करावी, मग धूळ, मग डॉक्टरचं मत, शेवटी हळूच मुद्दा. कल्याणपर्यंत चार वाक्यं तयार झाली. पुढे ती तीन केली. घराच्या दारात एकच उरलं.

सगळे जमले. समोरच्या बिऱ्हाडातल्या सकुबाईंनी चहा आणला. त्यांनी विचारलं, असं कसं झालं गो? ही म्हणायला लागली, अहो, तो रस्ताच...

मी म्हणालो, "मला दिसलं नाही. मला बाजूचं दिसत नाही. चूक माझी आहे. वाट बरोबर होती."

 कप बशीत ठेवायला गेलो, बशी चुकली. हिने डाव्या हाताने तो काढून घेतला. तिचे डोळे भरले होते. ते समोर होते, म्हणून मला दिसले.

मी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. एकेक करून पाहावं लागतं. कोणी दचकलं नव्हतं. कोणी चहाचा कप खाली ठेवला नव्हता. एकाने विचारलं, अ‍ॅक्सल वाकला की मोडला?

सकुबाई म्हणाल्या, "ते ठावं हाय आमाला, भाऊ. वरीस झालं. तुमची मोटार वाजली की आमी पोरांना घरात घेतो आनी म्हशी बांधतो."

गेलं वर्षभर मला वाटत होतं, मोटारीला मान म्हणून आळी मोकळी होते.